ठराव झाला, पुढं काय? चांदा जिल्ह्यातल्या बायांच्या आरोग्यलढ्याचा इतिहास

 

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही भरली, अन् मग नेहमीप्रमाणे विषय निघाला दारूचा. एक मावशी म्हणाल्या, "माह्या घरी पगार येते अन् पगार जाते. राहते फक्त रिकामी पिशवी." दुसरी म्हणाली, "मग करू ना ठराव." तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी हसल्या. म्हणाल्या, "ठराव तं आम्हीबी केला होता बाई. पायी चालत बी गेलो होतो. बंद बी झाली होती. मग उघडली. आता तुम्ही सांगा, पुढं काय?"

त्या बैठकीत कोणाजवळच उत्तर नव्हतं. तरुण पोरींना तर आजी कशाबद्दल बोलतात तेही ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, आजच्या भागात हा इतिहास पहिल्यापासून सांगायचा. आपल्या आरोग्याचं धोरण मुंबईत ठरतं, दिल्लीत ठरतं, असं आपण समजतो. पण आपल्या चांदा अन् गडचिरोलीच्या मातीत ते गावातूनही ठरलं आहे. कधी टिकलं, कधी नाही टिकलं. का टिकलं अन् का नाही, हे समजलं तर आजींच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर सापडेल.

सुरुवात वरोऱ्यातूनच

आपल्या वरोऱ्याचं नाव जगात गेलं ते आनंदवनामुळे. एसटीतून जाताना आपण पाटी बघतो, अन् पुढं जातो. पण ही गोष्ट आरोग्याच्या धोरणाचीच आहे.

बाबा आमटे तेव्हा वरोऱ्यात वकिली करत होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांची बाजू घेऊन त्यांनी स्वतः डोक्यावर मैला वाहण्याचं काम केलं. त्याच काळात एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला त्यांना कुष्ठरोगानं पार झडलेला एक माणूस दिसला. त्याचं नाव तुळशीराम. बाबा घाबरून घरी पळाले. मग त्या भीतीची त्यांना लाज वाटली अन् ते परत गेले. पुढं त्यांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेतलं. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये घेऊन हे कुटुंब राहायला गेलं. १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं.

तेव्हा देशात कायदा कोणता होता? १८९८ चा इंग्रजांचा महारोगी कायदा. त्यात रुग्णाला पकडून कोंडून ठेवायची मुभा होती. म्हणजे सरकारचं धोरण होतं कोंडायचं, आणि आनंदवनानं दाखवलं की हाताला काम दिलं, जमीन दिली, तर तोच माणूस धान्य पिकवतो, विहीर खोदतो, शाळा बांधतो. कॉलेज बांधतो अन् त्यात गावची पोरं शिकतात. आपल्यातल्या कितीतरी जणी, त्यांची लेकरं, आनंदवनाच्या कॉलेजात शिकल्या.

पण कायदा बदलायला किती वेळ लागला बघा. १८९८ चा तो कायदा रद्द झाला २०१६ साली. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून सोडचिठ्ठी मागता येत होती, ते कारण काढून टाकलं २०१९ साली. मधल्या काळात १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला, रोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी कायदा जुनाच. म्हणून पहिला धडा हा घ्या: आधी गावात काम उभं राहतं, लोकांच्या मनातली भीती जाते, आणि कायदा सगळ्यात शेवटी येतो. कधी सत्तर वर्षांनी येतो. जो थांबत नाही, त्याच्याच कामातून तो येतो.

गडचिरोलीच्या बायांनी जे सांगितलं

१९८२ पर्यंत गडचिरोली आपल्याच चांदा जिल्ह्यात होती. जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर १९८६ च्या सुमारास डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग तिथं राहायला आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली.

राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. आजारी बायांचीच नाही, गावातल्या सगळ्याच बायांची. १९८९ साली त्याचा निष्कर्ष जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात, लॅन्सेटमध्ये, छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, जंतुसंसर्ग असा काही ना काही आजार होता. आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात फक्त आठ.

मैत्रिणींनो, हा आकडा ऐकून आम्ही बैठकीत गप्प झालो होतो. कारण तो जुना असला तरी त्यातलं दुखणं ओळखीचं आहे. तोपर्यंत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण अन् नसबंदी, एवढंच सरकारी दवाखान्याला माहीत होतं. बाळंतपण सोडूनही बाईला शरीर असतं, हे त्या दोन गावांतल्या बायांनी तपासणीला येऊन जगाला दाखवलं. पुढच्या काळात बायांच्या आरोग्याचा विचार जगभर बदलला, त्यात आपल्या जंगलातल्या या बायांचा वाटा आहे.

दुसरी गोष्ट नवजात बाळांची. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात बाळं दगावत होती आणि दवाखाना लांब होता. तेव्हा सर्चनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन कसं करायचं, अंग गरम कसं ठेवायचं, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखायचा, औषध कधी द्यायचं. डॉक्टर लोकांना पटेना, कमी शिकलेली बाई हे करेल कशी? पण १९९९ साली निष्कर्ष आला. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू शंभरातून ६२ नी कमी झाले होते. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली.

आज तुमच्या दारी आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी येते, सातव्या दिवशी येते, पुढं बेचाळीसाव्या दिवसापर्यंत येते, ती काही आपोआप येत नाही. त्यामागं शेजारच्या जिल्ह्यातल्या बायांनी गावात करून दाखवलेलं काम आहे. पुढच्या वेळी आशाताई आली की तिला चहा पाजताना हे आठवा.

आणि तिसरी गोष्ट दारूची. गडचिरोलीत १९८८ च्या सुमारास दारूमुक्तीची चळवळ सुरू झाली. गावोगावी ठराव झाले, गावातली दारू गावानं बंद केली, तरुण अन् बाया मोर्च्याला उतरल्या. शेवटी १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात सरकारनं दारूबंदी लागू केली. वर्ध्यात आधीच, १९७० च्या दशकात, गांधीजींचा जिल्हा म्हणून बंदी झाली होती. ती मान म्हणून मिळाली होती. गडचिरोलीची मात्र लोकांनी मागून घेतली होती.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. एका बाजूला वर्धा बंद, दुसऱ्या बाजूला गडचिरोली बंद, मध्ये आपला चंद्रपूर जिल्हा उघडा. वर्ध्याच्या सीमेवर आपल्याकडं खांबाड्याची बाजू, तिकडं गडचिरोलीची सीमा. पलीकडं दुकान नाही म्हटल्यावर माणूस अलीकडं येणारच. शिवाय आपल्याकडं कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, वीज केंद्र. रोख पगार, ठेकेदारीची कामं, अन् वस्तीला लागून दुकान.

चिमूर ते नागपूर

आमच्या बैठकीतल्या आजी ज्या चालण्याबद्दल बोलत होत्या, ते हे. डिसेंबर २०१० मध्ये, विधानसभेचं हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं तेव्हा, श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकारानं हजारो बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. शंभर किलोमीटरच्या घरातलं अंतर. थंडीचे दिवस. कापूस वेचणीचा हंगाम, म्हणजे रोज बुडवून.

चिमूर का, असं पोरी विचारतात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरनं इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. त्यानंतर फौजेनं तिथल्या बायांवर जे अत्याचार केले, त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं होतं. त्याच मातीत तुकडोजी महाराजांची भजनं झाली आणि त्यांनाही अटक झाली. ज्या गावच्या बायांनी एवढं सोसलं, तिथून बायांचा मोर्चा निघणं हे आपल्या लोकांना न सांगता समजत होतं.

त्या वाटेवर आमच्या ओळखीच्या ज्या बाया होत्या, त्या आजही सांगतात. पायाला फोड आले. काहींच्या चपला तुटल्या तर तशाच अनवाणी चालल्या. वाटेतल्या गावांनी भाकरी अन् झुणका दिला, शाळेत झोपायला जागा दिली. घरून निघताना नवऱ्याला काय सांगितलं, असं आम्ही एकीला विचारलं. ती म्हणाली, "त्याले सांगतलंच नाही. तो शुद्धीत कुठं होता?"

या मोर्च्यानंतर सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष होते तेव्हाचे पालकमंत्री आणि आपल्याच वरोऱ्याचे आमदार संजय देवतळे. लोक तिला देवतळे समिती म्हणतात. २०११ मध्ये समिती बसली, २०१२ मध्ये अहवाल गेला. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी दारूबंदीच्या बाजूनं ठराव केले होते. जिल्ह्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त गावांनी कागदावर लिहून दिलं होतं की आम्हाला दारू नको.

तरीही तीन वर्षं काही झालं नाही. पुन्हा मोर्चे झाले, धरणं झाली, जेलभरो झाला, निवडणूक आली. उमेदवारांना बाया एकच विचारत, दारूबंदीचं काय? शेवटी २० जानेवारी २०१५ ला मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

ही मागणी काही उपकाराची नव्हती. आपल्या राज्यघटनेचं ४७ वं कलम सांगतं की लोकांचं पोषण अन् सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि त्याच कलमात मादक पेयं बंद करण्याचा प्रयत्न करावा असंही लिहिलं आहे. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांनी दारूचा विषय पोलिसांच्या खात्यात नाही, आरोग्याच्या खात्यात मांडला. बायांनी तेच मागितलं.

बंदी आली, मग काय झालं

इथं आम्हाला खरं बोललं पाहिजे, नाही तर हा इतिहास सांगून उपयोग नाही.

पहिले काही महिने फार चांगले गेले. संध्याकाळी बाजारातून एकटीनं घरी यायला भीती वाटेना. काही घरांत पहिल्यांदा पगाराचा पैसा किराण्यापर्यंत पोचला. गटाच्या हप्त्यांवरून आम्हाला ते दिसत होतं. ज्या बाया दर महिन्याला अर्धाच हप्ता भरायच्या, त्या पुरा भरू लागल्या.

मग चोरटी दारू सुरू झाली. नदीपलीकडं यवतमाळ जिल्हा, वर नागपूर जिल्हा, खाली तेलंगणा. तिन्हीकडं दुकानं उघडी. मोटारसायकलवरून, भाजीच्या गाडीतून, दुधाच्या कॅनमधून माल येऊ लागला. दुप्पट भावानं विकला जाऊ लागला. गावातली उडाणटप्पू पोरं यात ओढली गेली. काही ठिकाणी घर चालवायला दुसरं साधन नाही म्हणून बायाही विकू लागल्या. ज्या बाईनं बंदीसाठी घोषणा दिल्या, तिच्याच शेजारणीच्या घरी पव्वे मिळू लागले. सांगा, कोणाकोणाशी भांडायचं?

आणि आमची चूक? २०१५ च्या एप्रिलमध्ये आम्ही पेढे वाटले अन् घरी गेलो. आम्हाला वाटलं काम झालं, आता पोलीस बघतील. गावोगावी ज्या समित्या ठराव करायला जमल्या होत्या, त्या ठरावानंतर पुन्हा जमल्या नाहीत. ज्याला दारूशिवाय हात थरथरतात, रात्री झोप येत नाही, त्याला औषध लागतं, समजावणं लागतं. त्या उपचाराची सोय तालुक्यातालुक्यात झाली नाही आणि आम्ही ती मागितलीही नाही. जी दारू विकून जगत होती तिला दुसरा धंदा काय द्यायचा, याचाही विचार केला नाही.

या सगळ्याचा हिशेब पुढं आमच्याच विरोधात मांडला गेला. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, मार्च २०२१ मध्ये तिचा अहवाल आला. चोरटी दारू वाढली, गुन्ह्यांत बाया अन् लहान मुलं ओढली गेली, सरकारचा महसूल बुडाला, असं सांगून २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली. कोरोनाचा काळ होता. जमायला बंदी होती. ज्या बाया चालत नागपूरला गेल्या होत्या, त्यांना तेव्हा गावच्या चौकातही उभं राहता येत नव्हतं.

आमच्या गटात यावर आजही दोन मतं आहेत. काही जणी म्हणतात, उठवली ते बरं झालं, निदान विषारी दारू पिऊन माणूस मरणार नाही. काही म्हणतात, चोरी होते म्हणून चोरीचा कायदाच काढून टाकतात का? दोघींच्या घरी दारूनं छळलेलं आहे, म्हणून दोघींचं आम्ही ऐकून घेतो. एवढं मात्र दोघींनाही मान्य आहे की बंदी आणताना आम्ही होतो आणि बंदी चालवताना आम्ही नव्हतो.

शेजारच्या आंध्रात काय झालं होतं

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. १९९२ साली आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेचे वर्ग चालू होते. दुबागुंटा नावाच्या गावात बाया अक्षरं शिकता शिकता दारूवर बोलू लागल्या अन् त्यांनी गावातलं अरकाचं, म्हणजे देशी दारूचं, दुकान बंद पाडलं. ते लोण जिल्हाभर, राज्यभर पसरलं. १९९३ साली राज्यात अरकावर बंदी आली, १९९५ च्या जानेवारीत पूर्ण दारूबंदी आली. आणि १९९७ साली ती उठली. कारणं तीच, महसूल अन् चोरटी दारू.

पण त्या बायांचं काय उरलं? जमलेल्या बायांनी रोजचा एक एक रुपया साठवायला सुरुवात केली होती. आंध्रात बचत गट एवढे वाढले, त्याची मुळं त्या लढ्यातही आहेत. म्हणजे बंदी गेली पण बायांचं एकत्र बसणं गेलं नाही. आपला हा गट, ही वही, ही सतरंजी, हीसुद्धा त्याच गोतावळ्यातली आहे, असं आम्ही मानतो.

गडचिरोलीत मात्र बंदी आजही आहे. तिथं काय वेगळं झालं? तिथंही चोरटी दारू आहेच. पण २०१६ पासून तिथं 'मुक्तिपथ' म्हणून काम चालू आहे. गावागावांत संघटना, गावातली विक्री गावानं बंद करणं, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन सोडवायचं क्लिनिक, अन् शाळांत मुलांशी बोलणं. चंद्रपूरची बंदी उठवायची चर्चा सुरू झाली तेव्हा गडचिरोलीतही बंदीचा फेरविचार करायचं निघालं होतं. तेव्हा तिथल्या शेकडो गावांनी बंदी राहू द्या म्हणून लिहून पाठवलं. गावं जागी होती म्हणून त्यांना पटकन लिहिता आलं. आमची गावं तोवर झोपी गेली होती.

मग आता काय करायचं

आजींच्या प्रश्नावर आम्ही बसून जे ठरवलं, ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं, महिला सभा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियम आहे. कितीतरी गावांत ती फक्त कागदावर होते, सह्या घरी आणून घेतात. आमच्या ओळखीच्या एका गावात बायांनी ठराव केला, टाळ्या वाजल्या, आणि सहा महिन्यांनी बघतो तर पुस्तकात तो ठरावच नव्हता. तेव्हापासून आम्ही ठरवलं आहे: ठराव मोठ्यानं वाचून घ्यायचा, त्याचा क्रमांक अन् तारीख आपल्या गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहायची, आणि शिक्का मारलेली नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दुसरं, आडवी बाटली. जिल्ह्यात बंदी नसली तरी आपल्या गावातलं परवान्याचं दुकान आपण मतदानानं बंद करू शकतो. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. पण यात एक खाच आहे ती नीट समजून घ्या. आलेल्या बायांच्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा गावात ४०० महिला मतदार आहेत. अर्जाला १०० सह्या लागतील. मतदानाच्या दिवशी ३०० बाया आल्या, १९० नी आडवी केली, ११० नी उभी ठेवली. तरी आपण हरलो, कारण २०१ लागत होती. जी बाई घरी बसली, जी माहेरी गेली, जी कापूस वेचायला गेली, तिचं मत दुकानदाराच्या पारड्यात पडतं. म्हणून आधी यादी काढा, लग्न होऊन गेलेल्या अन् वारलेल्या बायांची नावं वगळायचा अर्ज वेळेत करा, आणि मतदानाच्या दिवशी घरोघरी जाऊन हाताला धरून आणा.

हे फक्त परवान्याच्या दुकानाला लागू आहे. चोरट्या विक्रीसाठी मतदान नाही, तक्रार आहे. ती एकट्या बाईनं करू नये. पूर्ण गटानं, लेखी, पोच घेऊन करावी.

तिसरं, उपचार. व्यसन हा आजार आहे. शिव्या देऊन तो बरा होत नाही, हे आम्हीही उशिरा शिकलो. जो रोज भरपूर पितो त्याची दारू एकदम तोडली तर कधी कधी झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेततं. म्हणून त्याला डॉक्टरकडंच न्यावं. सरकारची 'टेली मानस' म्हणून फोन सेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. पिणाऱ्यासाठी फोन करता येतो अन् त्याच्या त्रासानं खचलेल्या बाईलाही स्वतःसाठी करता येतो.

चौथं, गावची आरोग्य समिती. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हे लांबलचक नाव आहे, पण प्रत्येक गावात ती असायला हवी. तिला वर्षाला थोडा मुक्त निधी येतो. तो कुठं खर्च झाला हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. विचारा की उपकेंद्रात तपासणीला आडोसा आहे का? पांढरं जाण्याचं औषध आहे का? व्यसनाच्या उपचाराला आपल्या गावातून कुठं पाठवतात? राणीताईंच्या त्या ९२ बायांची गोष्ट तिथं सांगा.

आणि पाचवं, वही. २०२१ च्या समितीपुढं महसूल किती बुडाला याचे आकडे गेले. आमच्या बायांचे हप्ते किती वाढले, किती पोरं शाळेत टिकली, किती रात्री शांत गेल्या, याचे आकडे कोणीच ठेवले नव्हते. आमच्याजवळ होते, पण ते गटाच्या वहीत विखुरलेले होते. आता आम्ही प्रत्येक गटाच्या वहीत शेवटी दोन पानं राखून ठेवली आहेत. दारूमुळं गावात काय झालं, तारखेसह लिहायचं. नाव लिहायचं नाही, घटना लिहायची. उद्या कोणती समिती आली तर आपल्याजवळ दाखवायला कागद असेल.

बैठकीच्या शेवटी आम्ही आजींना विचारलं, पुन्हा चालायची वेळ आली तर याल का? त्या म्हणाल्या, "आता गुडघे नाही देत साथ. पण तुम्ही चालत जा, मी इथं बसून वही राखतो. मागच्या टायमाले घरी वही राखाले कोणीच नव्हतं, तिथंच आपण फसलो."

मैत्रिणींनो, या महिन्याच्या महिला सभेची तारीख आपल्या ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पुढच्या भागात आम्ही ठरावाचा मसुदा कसा लिहायचा, ते ओळ न् ओळ सांगू. तोपर्यंत नमस्कार.